दत्ताकाकांना निरोप दिला तेव्हा

भूत, आत्मा वगैरे मी कधी मानलं नाही. मित्र असले किस्से सांगायला लागले की मी चहाच्या निमित्ताने उठतो... त्यामुळे हे लिहिताना थोडी लाजच वाटतेय. पण मेधा, माझी बायको, म्हणाली, "लिहा एकदा. मनातून तरी जाईल."

आम्ही दिंडोशीला राहतो. मी, मेधा आणि माझी आत्या. आत्या नव्वदीच्या पुढची, ऐकू कमी येतं, बाकी ठणठणीत. तिचे थोरले भाऊ, म्हणजे माझे दत्ताकाका, दुसऱ्या महायुद्धात हवाई दलात होते. बर्माच्या सीमेवर विमान कोसळल्याची तार मालवणकडच्या आमच्या गावी आली. देह आलाच नाही. आजीने मग ते मानलंच नाही. मरेपर्यंत काकांचं श्राद्ध घालू दिलं नाही तिने.

रिटायर झाल्यावर मी शोध सुरू केला. मेल, फोन, त्यात आडनावाचं स्पेलिंग चुकलेलं... शेवटी काका सापडले — इंफाळच्या युद्ध दफनभूमीत. डोंगरात जे हाती लागलं, ते तिथेच पुरलं होतं. आत्याला सांगितलं तर एवढंच म्हणाली, "पुरल्यानी? जाळूक नाय?" त्या दिवशी ती जेवली नाही.

गेल्या हिवाळ्यात मी एकटाच गेलो. सकाळची वेळ. नीट कापलेलं गवत, रांगेत दगड, लांब कोपऱ्यात पाइप धरून उभा असलेला एक माळी. काकांच्या दगडापाशी बसलो, फुलं ठेवली आणि घरी साधा कॉल लावला. मेधाने फोन स्पीकरवर टाकून आत्याच्या कानाशी धरला.

"पोचलंस?" आत्याने विचारलं.

"हो. समोरच बसलोय त्यांच्या."

आत्या म्हणाली, "तेका सांग, आये गेली. कोणी सांगूक नाय तेका."

खरं सांगतो, मला अवघडल्यासारखं झालं. दगडाशी काय बोलायचं? पण म्हातारीचं मन... मी मोठ्याने म्हणालो, "काका, आजी गेली. शेवटपर्यंत तुमची वाट बघत होती."

मग मेधाचा आवाज आला, अगदी हळू. "अहो, रडू नका ना. पाणी प्या थोडं."

"मी कुठे रडतोय?"

"मग कोण रडतंय?"

मी मागे वळून पाहिलं. माळी तिकडेच होता, पाठमोरा. मला काहीच ऐकू येत नव्हतं. पण मेधा शपथेवर सांगते — माणसाचा आवाज, हुंदके देत, तोंडावर हात दाबून रडावं तसा. मी फोन ठेवेपर्यंत.

माझी अख्खी नोकरी टेलिफोन खात्यात गेली. लाइनमधले आवाज, इको, क्रॉस कनेक्शन, सगळं मी तपासून पाहिलंय. यातलं काहीही इथे बसत नाही. मेधाने मला आजवर कधी फसवलेलं नाही.

घरी आल्यावर आत्याला विचारलं, "तू पण ऐकलंस?"

तिने होकारार्थी मान हलवली. तिला त्यात नवल वाटलंच नव्हतं.

"बावीस वर्सांचो होतो रे तो," ती म्हणाली. "आये गेली म्हटल्यार रडतलोच ना."