तेवीस चालींची मात आणि माझ्याच नंबरवरून गेलेला फोन

आधीच सांगते, भूतबाधा, संकेत, असलं काही मी कधी मानलं नाही. शहाद्याजवळ पुरुषोत्तमनगरला साखर कारखान्याच्या लॅबमध्ये एकवीस वर्षं उसाच्या रसातली साखर मोजली. मोजता येतं तेवढंच खरं, असा माझा स्वभाव.

नाद एकच... बुद्धिबळातली कोडी रचायचा. पटावर मोजकी मोहरी मांडायची, पांढऱ्याने ठरलेल्या चालींत मात करायची, आणि तीही एकाच वाटेने. दुसरी वाट निघाली की कोडं बाद. माझी कोडी लांब पल्ल्याची, ती तपासणं माझ्या लॅपटॉपच्या आवाक्याबाहेरचं. ते काम अप्पा करायचे. अप्पा म्हणजे नंदुरबारचे रिटायर्ड पोस्टमास्तर, मिरची मार्केटच्या मागे राहतात. मुलाने सुरतहून आणून दिलेला दांडगा कॉम्प्युटर त्यांच्याकडे आहे. मी मांडणी पाठवायची, त्यांचं मशीन दोन-तीन दिवस चालायचं, मग निकालाचा फोन. अकरा वर्षं हेच चाललं होतं. भाऊबीजेला मी त्यांना ओवाळते.

गेल्या वर्षी तेवीस चालींची एक मात रचली. आठ महिने गेले तिच्यात. मशीनने सतराव्या चालीवर दुसरी वाट काढली. मी पुष्कळ डोकं घातलं, पण दुरुस्ती सापडेना. त्यातच पित्ताशयाचं ऑपरेशन निघालं. नंदुरबारलाच झालं, पण अप्पांना कळवलं नाही. उगाच धावपळ करतील म्हणून.

महिन्याभराने घरी पडल्या-पडल्या कोड्यांच्या मासिकाचा नवा अंक मोबाईलवर उघडला. त्यात माझी मात होती. फक्त एक काळं प्यादं एक घर खाली, आणि तेवढ्याने दुसरी वाट बंद. खाली नाव एकट्या अप्पांचं.

टाक्यांची जागा अजून ओढत होती, तरी दुसऱ्या दिवशी सकाळी एसटीने नंदुरबार गाठलं. एरवी आम्ही अहिराणीतच बोलतो. त्या दिवशी मी मुद्दाम मराठीत बोलले.

"अप्पा, तुम्ही माझं कोडं चोरलंत."

अप्पांनी हातातली बशी खाली ठेवली. "काय बोली ऱ्हायनी, ताई? तुन्हाच फोन उना व्हता. तूच सांगं, माले नको आते हाई, तुन्हा नावे धाडी दे. प्यादं बी तूच सांगं."

"कोडं मला नको, तुमच्या नावाने पाठवा, असा फोन मी केलेला नाही."

"तुन्हा आवाज माले माहीत नही का?"

त्यांनी मोबाईल पुढे केला. माझा नंबर, चौदा मिनिटं. तारीख ऑपरेशनची. वेळ सकाळी अकरा वीस. अकराला मला भूल दिली होती, साडेबाराला बाहेर आणलं.

मी माझा फोन उघडून कॉलच्या यादीत मागे-मागे गेले. त्यातही तोच कॉल होता, माझ्याकडून गेलेला.

त्या वेळी फोन ह्यांच्या शर्टाच्या खिशात होता. घरी आल्यावर विचारलं तर हे म्हणाले, "खिशातून काढलाच नाही. आणि मी काय सांगणार त्यांना? मला घोडा कसा चालतो तेही येत नाही." ते खरंच आहे. आणि त्या प्याद्याची ती जागा तोवर मलाही सापडली नव्हती.

अप्पांनी संपादकांना पत्र लिहून कोडं माझ्या नावावर करून घेतलं. लोकांचे अभिनंदनाचे मेसेज आले. एकालाही उत्तर दिलं नाही. जे मी सोडवलंच नाही त्याचं कौतुक कसं घ्यायचं? आणि अप्पांवर रागावणंही जमेना... त्यांना चोर म्हणून तर मीच बसले होते. त्यांनी काही केलं नाही, हे कळतं. तरी फसवणूक झाल्याची भावना जात नाही. कुणी फसवलं, तेवढं सांगता येत नाही. नवीन कोडं त्यांना पाठवलेलं नाही.

एक मात्र त्या दिवशी निघताना दारातच विचारलं होतं. प्यादं सांगायला फार तर दोन मिनिटं लागली असतील. बाकीची बारा मिनिटं मी काय बोलत होते?

अप्पांनी मान खाली घातली. "ते तुले माहीत शे, ताई," एवढंच म्हणाले, आणि आत गेले.

मला माहीत नाही. खरंच माहीत नाही.