मूळ इकडे, फुलं तिकडे

आमच्या गल्लीत कडकवहिनी म्हणून एक बाई आहेत. नवराबायकोचं लाँड्रीचं दुकान. पुढच्या खोलीत इस्त्रीची टेबलं, मधल्या खोलीत बॉयलर आणि धुण्याची यंत्रं, मागं अंगण. कॉलरला खळ लावावी तर वहिनींनीच. त्यांच्या हातचा शर्ट घातला की माणसाला नुसती मान वळवता येत नाही, अख्खं अंग वळवावं लागतं. नाव पडलं ते त्यावरनं, पण स्वभावाला शोभलं म्हणून टिकलं.

बाई कामाला वाघ. कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही. दुखणं एकच, आणि ते भिंतीपलीकडं राहायचं. नणंद.

सासऱ्यांनी जाताना घराचे दोन भाग केले आणि मागच्या अंगणाच्या मधोमध पुरुषभर उंचीची भिंत घातली. अर्धं लेकाला, अर्धं लेकीला. लेकीच्या वाट्याला ऊन आलं, लेकाच्या वाट्याला सावली. म्हाताऱ्याच्या मनात काही पाप नसावं. ऊन कुठं पडतं हे त्यानं उभ्या जन्मात पाहिलं नसेल. पण वहिनी अजून सांगतात, “वाटणी झाली तेव्हा मी बाळंतपणाच्या खाटेवर होते. नाहीतर ऊनसुद्धा मापून घेतलं असतं.”

त्या सावलीत वहिनींनी भिंतीच्या बुडाशी एक निळी वेल लावली. खड्डा त्यांनी खणला, खत त्यांनी घातलं, कीड त्यांनी वेचली. वेलीला नातंगोतं कळत नाही. तिला ऊन कळतं. ती भिंत चढली, पलीकडं उतरली आणि तिथं हातभर लांबीचे निळे घोस लोंबायला लागले. वहिनींच्या वाट्याला राहिलं मनगटाएवढं खोड आणि पानगळीचा कचरा.

एवढ्यावर भागलं असतं तर बाईंनी दात ओठ खाऊन दिवस काढले असते. पण ह्या शहरात थंडी सरली की एका रविवारी लोकांच्या घरामागच्या खासगी बागा सगळ्यांसाठी उघडतात. एरवी ज्या दारात आपल्याला कुणी उभं करणार नाही, त्या दारातनं त्या दिवशी सरळ आत जायचं, स्वयंपाकघरातनं मागच्या अंगणात निघायचं आणि फुलं बघायची. ज्यांची बाग निवडली त्यांच्या दाराला हिरवी पताका लागते. निवड करायला एक बाई फिरते, तिला सगळे बागबाई म्हणतात. नणंदेच्या दाराला पताका दर वर्षी. वहिनींच्या दाराला कधीच नाही.

त्या रविवारी वहिनी ठेवणीतलं पातळ नेसून परक्यासारख्या नणंदेच्या दारातल्या रांगेत उभ्या राहायच्या.

“अगं, तू कशाला रांगेत? मागनं हाक मारायचीस,” नणंद म्हणायची. पोस्टात नोकरी केलेली एकटी बाई, बोलणं लोण्यासारखं.

“नको वन्सं, बघायला आलेल्यांनी रांगेतनंच यावं,” असं म्हणून वहिनी आत शिरायच्या आणि कुंडीला गेलेला तडा, फरशीवरचं शेवाळ, पिवळं पान असं एकेक टिपत फिरायच्या. मग कुणीतरी वेलीखाली थांबून म्हणायचं, “बाई, काय हात आहे हो तुमचा!” ते नणंदेला. झालं. वहिनींच्या अंगाचा तिळपापड. पुढचं ऐकायला त्या तिथं थांबायच्याच नाहीत. घरी येऊन इस्त्री अशी दाबायच्या की गिऱ्हाइकाच्या शर्टाची बटणं फुटायची.

“मूळ माझं आणि मिरवते ती,” त्या नवऱ्याला म्हणायच्या.

नवरा बहीण आणि बायको यांच्यामध्ये अडकित्त्यातल्या सुपारीसारखा. तो म्हणायचा, “फुलं तर फुलतायत ना? मग झालं.”

“तुमच्या ताटातलं कुणी खाल्लं तर असंच म्हणाल?”

“ताटात काय वाढलंय त्यावर आहे,” तो म्हणायचा आणि बॉयलरच्या खोलीत पळायचा.

एका वर्षी वहिनींनी बागबाईला अडवून विचारलं, “आमच्या दाराला पताका का नाही?”

“दाखवायला काय आहे तुमच्याकडं?”

“मूळ आहे.”

बागबाई हसली. वाईट हेतूनं नाही, पण हसली. “अहो, मूळ बघायला कोण येतं?”

ते हसू वहिनींच्या काळजात काट्यासारखं मोडून राहिलं. आता एकच ध्यास. एकदा, फक्त एकदा, लोकांनी आपल्या दारातनं आत यावं आणि म्हणावं, वेल हिची आहे.

बॉयलरच्या वाफेचा पाइप मागच्या भिंतीतनं बाहेर पडून अंगणाच्या कडेकडेनं जातो. गेल्या हिवाळ्यात वेलीची एक चुकार फांदी त्या पाइपाला टेकून पडली होती. थंडी सरते न सरते तोच ती सावलीत असूनसुद्धा फुलली. वहिनींनी ते हेरलं. आपल्या अंगणाला ऊन नाही, पण ऊब आहे! धोब्याच्या घरी ऊब कमी आहे होय?

यंदा थंडी उतरणीला लागल्यावर त्या शिडी लावून भिंतीवर चढल्या. पलीकडं नणंद अंगण झाडत होती. वहिनी भांडणाची सगळी तयारी करून गेल्या होत्या. कुठल्या वाक्याला कुठलं उत्तर द्यायचं तेसुद्धा पाठ.

“वन्सं, मी माझी वेल माझ्याकडं घेतेय.”

नणंद वर बघून म्हणाली, “घे की. तुझीच आहे.”

एवढंच! पाठ केलेलं सगळं पोटात राहिलं. कुणी भांडायला तयार नसलं की माणूस किती चिडतो ते वहिनींना त्या दिवशी कळलं. त्यांनी फांद्या अशा खेचल्या की जणू नणंदेच्या झिंज्याच. कपडे वाळत घालायच्या दोरीनं सगळी वेल पाइपाच्या कडेनं बांधून टाकली. नवरा बघून म्हणाला, “वेलीला माझ्यापेक्षा जास्त बांधलंस.”

बागबाई आली, फांद्यांवरचे टपोरे कळे पाहिले आणि कडकवहिनींच्या दाराला हिरवी पताका लावून गेली. वहिनींनी ती उतरवली, खळ लावली, इस्त्री केली आणि परत लावली. गल्लीत एवढी ताठ पताका दुसरी नव्हती. वाऱ्यालासुद्धा दाद देईना.

मग वहिनी पेटल्या. बॉयलर दिवस-रात्र चालू. पाइप तापलेला, कळे फुगतायत. भिंतीपलीकडनं नणंद म्हणाली, “वहिनी, ऊब जास्त होतेय गं. वेळेआधीच फुलून जाईल ती.”

वहिनींना आतनं गुदगुल्या झाल्या. त्या नवऱ्याला म्हणाल्या, “बघितलंत? जळतायत वन्सं.”

“जळण्याचा वास मला रोजचाच आहे,” नवरा म्हणाला. “आज नेमका कुठनं येतोय ते कळेना.”

आणि वेल फुलली. अशी फुलली की तिनं उन्हातसुद्धा कधी असा भर धरला नव्हता. अंगणभर निळं छत. फक्त त्या रविवारला अजून पुष्कळ अवकाश होता.

शहाण्या माणसानं काय केलं असतं? दार उघडलं असतं, म्हणाला असता, या, बघा. वहिनींनी उलटं केलं. बागेचा दिवस यायच्या आत कुणाची नजर पडायला नको, आणि पलीकडच्या नजरेची तर नकोच नको, म्हणून गिऱ्हाइकांच्या चादरी दोऱ्यांवर टाकून अंगण चहूबाजूंनी झाकून घेतलं. नणंदेनं दारात येऊन विचारलं, “बघू का गं जरा?”

“रविवारी या वन्सं. रांगेतनं.”

नणंद गेली. चादरींच्या आड नवराबायकोनं तेवढी ती वेल पाहिली. नवरा तर पहिल्या दिवशी तोंड उघडं टाकून उभाच राहिला. मग घोस सैल पडायला लागले तशी वहिनींची पाचावर धारण बसली. बॉयलर बंद केला. गिऱ्हाइकांना ओलसर कपडे गेले, शिव्या आल्या. पाइपावर गार पाण्याची फडकी गुंडाळली. शेवटी बागबाईकडं धावत गेल्या. “रविवार जरा अलीकडं घेता येईल का हो?”

“बाई,” बागबाई म्हणाली, “सगळ्या शहराच्या बागा तुमच्या बॉयलरवर चालत नाहीत.”

रविवार उजाडला तेव्हा वेलीवर कोवळी पानं आणि नुसत्या दांड्या. फुलांचा चिखल वहिनींनी पहाटेच घमेल्यानं भरून बाहेर टाकला होता. मनात एकच आशा, कुणी येऊच नये. पताका काढायला गेल्या, तर दारात माणसं उभी. एकामागून एक. अशी रांग त्या दाराला कपडे न्यायलासुद्धा कधी लागली नव्हती.

“वेल इथंच ना?” काठी टेकत आलेल्या एका म्हाताऱ्यानं विचारलं. “पलीकडच्या बाई म्हणाल्या, यंदा वेल वहिनीकडं आहे, तिकडं जा. सगळ्यांना इकडंच धाडतायत.”

वहिनींच्या कानातनं वाफ निघाली. मुद्दाम! आपली शोभा करायला मुद्दाम गाव गोळा करून पाठवलं! माणसं इस्त्रीच्या टेबलांमधनं आत आली आणि बोडक्या वेलीखाली कुणाच्या मर्तिकाला आल्यासारखी गप उभी राहिली.

“फुलून गेली,” वहिनी म्हणाल्या. आवाजातली खळ उतरली होती.

म्हातारा वाकला. त्यानं खोडाला हात लावला. “हेच का ते मूळ? चला, एकदा बघायचं होतंच.”

“तुम्हाला काय माहीत मुळाचं?”

“आता घ्या! त्या बाई दर वर्षी सांगतात की. कुणी कौतुक केलं की लगेच म्हणणार, हात माझा नाही हो, वहिनीचा. मूळ तिच्याकडं आहे, मी नुसती खाली पडलेली फुलं झाडते. आम्हाला पाठ झालंय.”

मागच्या दोघीतिघींनी माना डोलावल्या. त्यांनाही पाठ होतं.

आता ऐकणाऱ्याला वाटेल, वहिनींच्या डोळ्यांत पाणी आलं असेल. छे! पाणी येणाऱ्यातली ती बाईच नव्हे. माणसं गेल्यावर त्या टेबलाला टेकून बसल्या आणि नवऱ्याला म्हणाल्या, “बघितलंत? फुलं तर खाल्लीच, वर मोठेपणापण त्यांनीच खाल्ला. माझं कौतुक करून लोकांत चांगल्या कोण ठरल्या? वन्सं! मला उरलं काय?”

नवऱ्यानं खूप विचार केला. “मूळ,” म्हणाला.

त्याच संध्याकाळी वहिनींनी भिंतीला शिडी लावली, दोऱ्या सोडल्या आणि फांद्या एकेक करून पलीकडं टाकायला लागल्या. नणंद खालनं झेलत होती.

“हळू गं वहिनी, मोडतील.”

“माझ्या आहेत. मोडीन नाहीतर जाळीन.”

“मग परत का देतेयस?”

“देत नाहीये. उन्हाला ठेवतेय.” वहिनी भिंतीवर नीट बसल्या आणि खाली वाकून म्हणाल्या, “आणि एक ऐका वन्सं. पुढच्या वर्षी माझं काही सांगत बसू नका लोकांना. ह्या वेलीखाली मी स्वतः उभी राहणार. काय सांगायचं ते माझं मी सांगेन.”

“बरं. आणि मी काय करू?”

वहिनींनी हातातली शेवटची फांदी खाली सोडली.

“तुम्ही दारात उभं राहून लोकांना पाय पुसायला सांगा.”