जळक्या चेहऱ्याचा खलनायक

माझ्या धाकट्या भावाचं मत पक्कं होतं: कॉमिक्समधला नायक कुणीही रंगवू शकतो, खलनायकाला मात्र नट लागतो. आम्ही निपाणीकडचे, नोकरीपायी बंगळूरला आलेले. तो बोम्मसंद्र्यात, लोखंडी सुट्या भागांवर मुलामा चढवायच्या कारखान्यात; मी मारतहळ्ळीत एका ऑफिसात. रविवारी दुपारी सिनेमा आणि परतताना बसमध्ये भांडण, हा आमचा नेम.

भांडण बहुतेक एकाच खलनायकावरून व्हायचं. आगीत चेहरा जळालेला, शहरावर सूड घेणारा. कॉमिक्समध्ये तो नुसता हिरवट रंगाचा होता. पडद्यावर ज्यानं तो पहिल्यांदा केला, त्याच्या गालावरचं रबर बोलताना हलायचं. पण तो जेवायचा इतका सावकाश, की आम्ही हातातले पॉपकॉर्न विसरायचो. दुसऱ्या नटाचा मेकअप झकास आणि सोबत रडकं बालपण. "रडायला लागला की भ्या जातंय, अक्का," भाऊ म्हणायचा. नायकाची तर तो टरच उडवायचा. एवढ्या मारामाऱ्या करून गड्याच्या भुवईवर एक ओरखडा, तोही पुढच्या प्रसंगात गायब!

हे सगळं आम्ही मोठमोठ्यानं बोलायचो. इथे घराबाहेर कुणाला मराठी कळत नाही, ही आमची खात्री. दुकानात, रिक्षात, लिफ्टमध्ये समोरच्याच्या तोंडावर त्याच्याबद्दल वाटेल ते बोलायचं आणि चेहरा साळसूद ठेवायचा.

मग एके दिवशी कारखान्यात अ‍ॅसिडची टाकी भरताना नळी सुटली. भावाचा डावा गाल आणि कान भाजला, डोळा गेला. कातडी लावायच्या तीन शस्त्रक्रिया झाल्या. तो घरात बसला तो बसलाच, बेल वाजली तरी दार उघडेना. वर्षानं त्याच खलनायकाचा नवा सिनेमा आला, तेव्हा मीच हट्ट धरला. एकदा बाहेर पडला की सुटेल, असं मला वाटत होतं. काय अक्कल होती माझी! चेहरा जळालेल्या माणसाला मी चेहरा जळालेला माणूस दाखवायला नेत होते.

थिएटरात अजून दिवे होते. पॉपकॉर्न खायला भावानं मास्क काढला, तेवढ्यात दोन पोरं आमच्या समोरून जाऊन मागच्या रांगेत बसली. त्यातला एक निवांत, मोठ्यानं म्हणाला, "अरे, व्हिलन आधीच येऊन बसलाय. याला मेकअपचा खर्चच नाही." दुसरा खिदळला. बोलणं चक्क मराठीत, पुण्याकडच्या.

माझं डोकंच फिरलं. मी उठायला गेले, पण भावानं मनगट घट्ट धरलं. मग मागे वळून, त्या पोरानं आमच्या खुर्चीला टेकवलेल्या पायाकडे बोट दाखवत तो कन्नडमध्ये म्हणाला, "स्वल्प कालु तेगीरी, सर." पोरानं पाय काढला, सॉरी म्हटलं. आपलं बोलणं याला कळलंच नाही, या समाधानात दोघं आरामात बसले.

नव्या खलनायकाचा चेहरा संगणकानं केलेला होता, ओला आणि चकाकता. त्यावर भाऊ एवढंच बोलला, "चुकलंय. ओलं नसतंय. कोरडं असतंय, ओढतंय." मध्यंतरात आम्ही उठलो आणि परत आत गेलो नाही.

बसमध्ये मी धुमसत होते. "मराठीत झाडायचं होतंस की! का सोडलंस त्यांना?"

तो खिडकीबाहेर बघत होता, चांगली बाजू माझ्याकडे करून. "आपण एकदा होसकोट्याला चाललो होतो," तो म्हणाला. "पुढच्या सीटवर अंगभर पांढरे डाग असलेला एक माणूस होता. तू म्हणालीस, देवाकडचा रंग अर्ध्यातच संपला वाटतं. मी पोट धरून हसलो. नंतर त्याला फोन आला, तो बोलत बोलतच उतरला. मराठी बोलत होता, अक्का. तू ऐकलं नाहीस, मी ऐकलं."

मला तो माणूस आठवेना. असलं मी इतक्यांदा, इतक्या जणांबद्दल बोलले होते, की त्यातला हा कुठला ते कळेना. माझी मलाच किळस आली.

भाऊ आता बाहेर पडतो. रविवारी दुपारी मास्क लावतो, किल्ली घेतो. मी चप्पल पायात सरकवू लागले की दारातूनच म्हणतो, "तू नको, अक्का. मी एकटाच जातो."