पत्रा बाहेरगावी गेलाय

घर मोजायला गेलं की लोक भिंती दाखवतात आणि निघताना एखादा किस्साही पदरात बांधून देतात. माझ्याकडं ते इतके साठलेत की आता किश्श्यांसाठीच घरकुल मंजूर करून घ्यावं लागंल!

लातूर नुकताच वेगळा जिल्हा झाला होता. त्यात दुष्काळ. सरकारला गरिबांसाठी घरं बांधायची होती. पण कुणाला द्यायची, कशी बांधायची, याची धड माहितीच नव्हती. ती गोळा करत आम्ही तिघं जीपमधून हिंडायचो. सर्व्हेचे प्रमुख गायकवाड साहेब, ड्रायव्हर शेखचाचा आणि लिहून घेणारी मी. साहेब बजावायचे, "अंदाज चालणार न्हाई. दारात जा, बघा, मग लिहा."

* * *

रेणापूरजवळ एका म्हातारीला विचारलं, "मावशी, घरात चुली किती?"

"तीन. तीन सुना हायत न्हवं!"

"म्हंजे कुटुंबं तीन?"

"न्हाई बाई. कुटुंब एकच, भांडणं तीन!"

* * *

पुढच्या गावात एकानं छातीठोक सांगितलं, "छत पत्र्याचं."

मी वर बघितलं. वर निळं आभाळ!

"दादा, पत्रा कुठाय?"

"जनावरांच्या छावणीवर नेलाय. बैलाला ऊन लई लागतंय."

"मग मी काय लिहू?"

"पत्राच लिवा की! आमचाच हाय, नुसता बाहेरगावी गेलाय!"

* * *

एके ठिकाणी पाटील चक्क गोठ्यात बाज टाकून बसलेले. "हेच आमचं घर, साहेब. लई गरिबी!"

समोर दुमजली माडी. साहेबांनी विचारलं, "मग तिथं कोण राहतं?"

पाटील गडबडले. "तिथं? तिथं... म्हशी!"

शेखचाचा पुटपुटले, "म्हशींची ऐश हाय, मॅडम!"

साहेब शांतपणे मला म्हणाले, "लिहा. माडी म्हशींच्या मालकीची."

पाटील ताडकन उठले. "अवो, थांबा! खोडा ते! माडी माझीच हाय!"

* * *

वरून एक मोठे अधिकारी नमुन्याचं घरकुल दाखवायला आले. चार भिंती, एक दार, वर पत्रा. गायकवाड साहेबांनी सर्व्हेत स्वतःहून एक प्रश्न घातला होता, 'दुपारी कुठं बसता?' घरोघरी उत्तर एकच आलं होतं, 'लिंबाखाली.' साहेब म्हणाले, "सर, घरात कुणी बसूच शकत न्हाई. पुढं ओसरी पायजे."

अधिकाऱ्यांना पटेना. "लोकांना सवय आहे झाडाखाली बसायची."

"मग आपण आतच जेवू," साहेब म्हणाले.

भर दुपारी डबे उघडले. भाकरी अर्धी व्हायच्या आत मोठे साहेब घामाघूम होऊन बाहेर. रुमालानं मान पुसत म्हणाले, "गायकवाड, ओसरी जरा ऐसपैसच ठेवा!"

नकाशा बदलला. त्या दिवशी साहेबांनी आम्हाला रसवंतीवर नेलं.

* * *

आणि बौद्ध वस्तीतली ती आजी! "जयभीम" झाला, तिनं सगळी उत्तरं दिली, मग साहेबांनाच धरलं. "लेकरा, आता तुझं सांग. लातुरात घर हाय का?"

"न्हाई, आजी. नवा जिल्हा, अजून क्वार्टर न्हाईत."

"मग झोपतोस कुठं?"

"हापिसात. टेबलावर."

"पाणी?"

"टँकरचं."

"बायकू-पोरं?"

"नांदेडला, सासऱ्याकडं."

आजीनं कपाळाला हात लावला आणि माझ्याकडं वळली.

"बाई, माझं नाव खाली घे. वर ह्याचं लिव्ह!"