लाकोटा नटाचा पुणेरी आवाज

२००५ सालच्या उन्हाळ्यात ब्रॅकनेलजवळच्या जंगलात एका टीव्ही-चित्रपटाचं शूटिंग झालं. कथा अमेरिकेतली होती, जंगल इंग्लंडचं, आणि छावणीतले लाकोटा या मूळ अमेरिकन जमातीचे योद्धे पुण्या-नागपूरचे. मराठी मंडळाच्या ई-मेल ग्रुपवर निरोप आला होता: सावळे, काळ्या केसांचे पुरुष हवेत, अभिनयाची गरज नाही. आमच्या बायका आयटीत होत्या. आम्ही चौघं डिपेंडंट व्हिसावरचे नवरे. चौघांचीही निवड झाली. त्यातला पुणेकर घाऱ्या डोळ्यांचा, गोरा होता. त्याला रंग फासण्यात आला.

छावणीत खरे लाकोटा एकच होते, साउथ डकोटाहून आलेले साठीचे नट. मी पूर्वी वार्ताहर होतो. त्या सवयीने जेवणाच्या गाडीपाशी त्यांना प्रश्न विचारले. तीस वर्षांच्या कारकिर्दीत ते बहुतेक वेळा मेले होते. घोड्यावरून पडून, कड्यावरून पडून, एका जाहिरातीत लिफ्टमध्ये. संवाद मिळालाच तर तो मोडक्या इंग्रजीत असे. काम नसेल तेव्हा ते शाळेत इंग्रजी शिकवत. त्यांची थोरली बहीण त्यांचे चित्रपट पाहत नसे. "तू आपल्या भाषेत बोललास की सांग," ती म्हणाली होती. "तुला मरताना बघून कंटाळले." या चित्रपटात मृत भावाला उद्देशून त्यांचं लाकोटा भाषेत भाषण होतं. ते त्यांनी स्वतः लिहिलं होतं आणि बहिणीकडून फोनवर तपासून घेतलं होतं. तेवढ्यासाठी ते आले होते.

भाषण पहिल्याच टेकमध्ये झालं. ते हळू आवाजात बोलले. दिग्दर्शकाला ते पुरेसं रानटी वाटलं नाही. मागे बसलेल्या आम्हाला आपापसात काहीही बोलायची सूचना होती, आणि पुणेकर इल्फर्डच्या दुकानातल्या शिळ्या बाकरवडीबद्दल बोलत होता. दिग्दर्शकाने हेडफोनमधून ते ऐकलं. या आवाजात हजारो वर्षं आहेत, असं त्याने साउंडवाल्याला सांगितलं. ओठ नटांचे ठेवून आवाज पुणेकराचा बसवायचं ठरलं. शब्द कोणतेही चालणार होते.

नटांनी एजंटला फोन केला. आवाज बदलण्याची मुभा करारात होती.

आम्ही पुणेकराला सरळ नकार द्यायला सांगितलं.

"मी नाही म्हटलं तर याला घेतील," तो नागपूरकराकडे बघत म्हणाला. "मग त्यांच्या बहीणबाई वऱ्हाडी ऐकतील."

"मग काय वाईट आहे बे त्यात?" नागपूरकराने विचारलं.

पुणेकराने लहानपणी गुरुजींकडे वेदांची संथा घेतली होती. गुरुजी ओळ एकदा म्हणत, शिष्याने ती दोनदा म्हणायची. अर्थ पुढे कधीतरी. त्याने नटांना विचारलं, तुमचं भाषण मला शिकवाल का. दोघं एका ओकखाली बसले. नट एक ओळ म्हणत, हा दोनदा म्हणे. घशातला उच्चार चुकला की नट हात वर करत आणि ओळ पुन्हा सुरू होई. मध्येच ते अर्थ समजावू लागले, तेव्हा पुणेकराने त्यांना थांबवलं.

"अर्थ नको," तो म्हणाला. "पाठांतर बिघडतं."

रेकॉर्डिंगला त्याने सगळं भाषण खड्या आवाजात म्हटलं. ते ओठांशी जुळलंही. दिग्दर्शकाला हा चमत्कार वाटला. मराठी ही मुळात शोकाची भाषा आहे, असं त्याने आम्हाला सांगितलं. कोणी दुरुस्ती केली नाही.

चित्रपट पुढच्या वर्षी दाखवला गेला. एका परीक्षणात लाकोटा नटाच्या आवाजाचं कौतुक होतं. श्रेयनामावलीत पुणेकर नव्हता. नटांनी बहिणीला डीव्हीडी पाठवली आणि पुढे काय झालं ते मला ई-मेलने कळवलं. तिने भाषण दोनदा ऐकलं, दुसऱ्यांदा पडद्याकडे पाठ करून. एक शब्द चुकला होता, बाकी सगळं बरोबर होतं. मग तिने फोन लावला. "शब्द आपले आहेत," ती भावाला म्हणाली. "बोलतोय कोण?"

ई-मेल मी पुणेकराला वाचून दाखवली. चुकलेला शब्द कोणता, असं त्याने विचारलं.