नकली यानात बंद केलेली मोटर

मित्रांनो, घडलं ते बराबर लिहितो.

मंगळमोहिमेसाठी तरुणांची निवड चालू आहे. आज हिंगोलीत माझ्या लेकीची, प्रज्ञाची, शेवटची फेरी होती. ती नकली यानात एकटी, आम्ही पालक बाहेर पडद्यासमोर.

अचानक यानातली लाईट मंद झाली. प्रज्ञानं क्षणही न दवडता मोटर बंद केली.

मी छाती फुगवून शेजारच्या पालकाला म्हणालो, "मीच शिकवलंय! व्होल्टेज पडलं की आधी मोटर बंद, न्हाई तर आतल्या तारेचं वाइंडिंग जळतं." हिंगोलीजवळच्या गोरेगावात मोटरी दुरुस्त करतो मी, कुणाकडं न शिकता.

तो ओरडला, "दादा, काहून खूश होऊन राहिले? ती श्वासाची हवा पुरवणारी मोटर हाय!"

पडद्यावर हवेचा आकडा उतरू लागला. तिनं चूक ओळखून मोटर पुन्हा चालू केली, पण तोवर लाल दिवा लागला होता. प्रज्ञा बाद.

माझा नियम आजही शंभर टक्के बरोबर आहे. तुमची अशी बरोबर शिकवण लेकराला कधी नडली का?

हे लिहितानाच घरातली लाईट मंद झाली. पाण्याच्या मोटरीकडं गेलेला माझा हात मध्येच थांबला.

प्रज्ञा म्हणाली, "करा बंद, बाबा. इथं हवा फुकट हाय."