लांब रोटी आणि माझे दोन हात

डॉक्टरीणबाईंनी मला जिना चढायला लावला.

दवाखाना गोंदियाला, दुसऱ्या मजल्यावर. "वर या, खाली जा, पुन्हा वर या. घाम फुटेपर्यंत थांबायचं नाही," त्या म्हणाल्या. मी अठ्ठेचाळीस वर्षांची, अंगाने भरलेली, एका हातात साडीच्या निऱ्या धरलेल्या. बाहेर बसलेले पेशंट आपापली दुखणी विसरून माझा खेळ बघत होते. पाचव्या फेरीला मी त्यांना हात उंचावून नमस्कार केला. सातव्या फेरीला दोन्ही हातांवर, मनगटापासून कोपरापर्यंत, मोहरीएवढे फोड उठले. भोवती लाली, आणि ओल्या मिरच्या वाटल्यावर होते तशी आग.

"कोलिनर्जिक अर्टिकेरिया," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मग सोपं करून सांगितलं. अंग तापलं, घाम यायला लागला की त्वचा उगाच घाबरते आणि पित्त उठावं तसे फोड उठतात. तासाभरात आपोआप बसतात. "और ये छूने से किसी को नहीं लगता."

"हेच मराठीत लिहून द्या," मी म्हटलं. "मोठ्या अक्षरात."

त्या हसल्या. मी हसले नाही.

अर्जुनी मोरगावच्या आमच्या पट्ट्यात लग्न असो की तेरवी, लांब रोटी करायला मलाच बोलावत. या रोटीला पोळपाट-लाटणं लागत नाही. कणीक सैल मळायची, गोळा हातावर घ्यायचा आणि मनगटापासून कोपरापर्यंत झुलवत रुमालासारखा लांबवायचा. मग चुलीवरच्या पालथ्या मडक्यावर टाकायचा. माझे उघडे हात हाच माझा पोळपाट. फोड उठत ते नेमके तिथेच.

गेल्या वैशाखात एका लग्नात पहिल्यांदा खाज सुटली. चुलीपुढे तासभर झाला होता. वाटलं, घामोळं असेल. पण पुढच्या कामालाही तेच, त्याच्या पुढच्यालाही तेच. जवळच्या एका डॉक्टरांनी लांबूनच पाहिलं आणि खरूज सांगितली. घरातल्या सगळ्यांनी लावायचं म्हणून औषधाच्या बाटल्या दिल्या.

आमचं घर म्हणजे मी, नवरा, मोठे दीर, जाऊबाई आणि त्यांची मुलगी रेशमा. पाचही जण गळ्यापासून पायापर्यंत औषध चोपडून अंगणात भुतासारखे उभे. मला हसू आवरेना. जाऊबाईंना आवरलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी विहिरीवर सगळ्यांना सांगितलं, "आमच्या सुमनले खरूज झाली."

तेवढं पुरलं. पुढच्या तेरवीत माझ्या रोट्या पत्रावळीच्या कडेला सरकवलेल्या मी पाहिल्या.  भात मात्र लोकांनी दोनदा मागून घेतला.

माझ्या चुलीत जाळ घालायला फुलाबाई असते, जंगलाकडच्या टोल्यावरची, म्हणजे पाड्यावरची, गोंड बाई. सतरा वर्षं आम्ही एकाच मडक्यापाशी आहोत. तिने त्यातली एक रोटी उचलली आणि सगळ्यांसमोर उभ्यानेच खाल्ली.

"तुले खाज आली तर?" मी विचारलं.

"झाडाले घाशीन," ती म्हणाली. "म्हशी काय करतेत?"

नंतर मी दोनदा गोंदियाला गेले. दोन्ही वेळा रेल्वेतून उतरून दवाखान्यातल्या गार हवेत नंबर येईपर्यंत हात आरशासारखे स्वच्छ. तुम्हालाही असंच होत असेल तर फोड उठल्याबरोबर मोबाइलवर फोटो काढून ठेवा. मला हे सुचलं नाही. म्हणून तिसऱ्या खेपेला तो जिना चढावा लागला.

अँटिहिस्टामिन, म्हणजे खाज उठवणारं रसायन अडवणारी गोळी, रोज घ्यायला सांगितली. खाज सुटल्यावर नाही, रोज. मेडिकलमधून मनाने आणलेली ट्यूब बंद. फार गरम पाण्याने अंघोळ नाही. फोड आले तर सावलीत बसून ओलं फडकं ठेवायचं. श्वास कोंडला, ओठ सुजले, चक्कर आली तर तडक दवाखाना. शेवटी त्या म्हणाल्या, "गुस्सा भी कम कीजिए. राग आला तरी हे उठतं."

तो कागद मी घरी जाऊबाईंना वाचून दाखवला. त्यांनी मान डोलावली. मला वाटलं, मिटलं.

माघात रेशमाचं लग्न ठरलं. ती लहान असताना माझ्या मांडीवर बसून म्हणायची, "काकू, माया लग्नात तूच रोट्या टाकजो." मी तिला शब्द दिला होता. लग्नाच्या सकाळी नवी साडी नेसून चुलीकडे निघाले, तर तिथे भलतीच बाई बसलेली.

"तू बस ना वो सुमन, पाव्हण्यासारखी," जाऊबाई म्हणाल्या. "कायले त्रास करून घेतेस?"

"कागद वाचून दाखवला ना तुम्हाला?"

"दाखवला. पन वराकडचे लोक का कागद वाचतेत?"

मी मांडवात खुर्चीवर बसले. हवेत गारवा होता, चूल लांब होती. तरी बसल्या जागी दोन्ही हात फुलून आले. शेजारच्या बाईने हळूच आपली खुर्ची सरकवली.

पंगत बसली आणि त्या बाईच्या रोट्या मडक्यावर फाटायला लागल्या. कणीक मुरलीच नव्हती. वराकडचे लोक रिकाम्या पत्रावळीपुढे चुळबुळ करू लागले. जाऊबाई माझ्याकडे धावत आल्या.

"चाल, चाल लवकर."

मी हात पुढे केले. लालभडक. "आन हे?"

"आता कोन पाहून राहिला?" त्या म्हणाल्या.

रेशमासाठी मी उठले. लग्नाला आलेल्या फुलाबाईने जाळ सारला. कणीक आपटून, पाणी मारून मी ताळ्यावर आणली. पहिली रोटी त्याच हातांवर लांबवली, भाजली आणि जाऊबाईंना दिली.

"खा."

"मागाहून खातो ना वो."

"आता."

पंगत बघत होती. त्यांनी घास तोडला, चावला. गिळेपर्यंत मी दुसरा गोळा उचलला नाही. मग सगळ्यांना पुरतील एवढ्या रोट्या केल्या. हात जळत होते. कुणी एकही रोटी कडेला सरकवली नाही, आणि त्याचंच मला जास्त लागलं.

आजार गेलेला नाही. गोळी चालू आहे, फोड कमी उठतात, काम पहाटेच्या गारव्यात उरकते. जिना चढायला लावणाऱ्या डॉक्टरीणबाईंचे आणि उभ्याने रोटी खाणाऱ्या फुलाबाईचे उपकार मानते. बाकी लोक परत आले ते भुकेपोटी आले.

आता कुणी बोलवायला आलं की मी आधी हात दाखवते, कागद दाखवते आणि माझी एक अट सांगते. पहिली रोटी बोलावणाऱ्याने माझ्यासमोर खायची. तोवर दुसरी मडक्यावर पडत नाही.